पिन बसत नाही

दि. ९ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले हे फोनवर सांगितलंच होतं. तुम्ही बरं म्हणालात, मीही बरं म्हणाले, आणि मग दोघंही गप्प. आई असताना तुम्ही फोन उचलायचात आणि आईला देतो म्हणून लगेच तिच्या हातात द्यायचात. आता द्यायला कोणी नाही हे आपल्या दोघांच्याही त्याच वेळी लक्षात आलं असावं. व्हिडिओ कॉल करावा तर मला अर्धा वेळ आपल्या बैठकीतला पंखा दिसतो. म्हणून पत्र लिहिते आहे. कागदावर तुम्ही बोलता असं तुमच्या ऑफिसातले लोक सांगायचे. खरं-खोटं पाहू.

घरमालकिणीच्या वरच्या मजल्यावरची एक खोली मिळाली आहे. टेबल, खाट, कपाट आणि एक खिडकी, समोर कपडे धुण्याच्या दुकानाची मागची भिंत. दातांची प्रयोगशाळा बसने जाण्याइतकी लांब आहे. डॉक्टर साचे पाठवतात, आम्ही दात घडवून परत पाठवतो. ज्यांची तोंडं मी कधी पाहणार नाही अशा लोकांचे दात दिवसभर करत बसते. सगळ्यांना मास्क लावावा लागतो, त्यामुळे ओळखी झाल्या आहेत त्या फक्त कपाळांशी.

आता मुद्द्याचं. माझ्या लॅपटॉपच्या चार्जरच्या पिना गोल आणि जाड. इथल्या भिंतीतल्या भोकांना चपट्या आणि पातळ पिना लागतात. निघताना विमानाच्या तिकिटापासून लोणच्याच्या झाकणापर्यंत सगळं तपासलं, पिन तपासायचं कोणाला सुचलं नाही. या कामाच्या परवान्याच्या परीक्षेचा सगळा अभ्यास लॅपटॉपमध्ये आहे आणि तो टेबलावर मेल्यासारखा पडला आहे. काय करू ते लिहा.

मावशीला नमस्कार सांगा. तब्येतीला जपा, आणि पत्राला उत्तर द्यायचा कंटाळा करू नका.

तुमची
बिट्टी


दि. २१ जानेवारी

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

विषय : लॅपटॉपची पिन न बसणेबाबत.
संदर्भ : तुझे दि. ९ चे पत्र.

वरील विषयास अनुसरून कळवतो की, पिन ही दुय्यम बाब आहे. मूळ प्रश्न विजेच्या दाबाचा आहे. कारखान्याच्या भांडारात मी जन्म काढला, परदेशी यंत्रं येताना पाहिली. तिकडे भिंतीतून येणारी वीज आपल्या निम्म्या दाबाची असते. म्हणजे पिन बसली तरी चार्जर उपाशीच राहणार. उलट असतं तर जळाला असता, तेव्हा देवाची कृपाच म्हणायची.

तरी पुढील माहिती उलट टपाली पाठवावी. भिंतीतल्या भोकांचं चित्र काढ, अंदाजे नको, मोजून. चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरात काय छापलं आहे ते अक्षर न अक्षर उतरवून काढ. तोवर आपल्याकडची युक्ती, म्हणजे वरच्या भोकात काडी खुपसून खाली पिना कोंबणे, तिथे अजिबात करू नये. तुझी आई हे सर्रास करत असे आणि मी दर वेळी ओरडत असे. खोलीतून बाहेर पडताना सगळी बटणं बंद करण्याचा आपला नियम तिथेही पाळावा. वीज कोणाचीही असो, फुकट जाऊ नये.

इकडे ठीक. थंडी बेताची. तुझी मावशी दुपारी डोकावते, डबा ठेवते, मी जेवलो की नाही हे विचारून माझं उत्तर ऐकायच्या आत जाते.

पत्राच्या डाव्या बाजूला रुंद समास सुटला आहे. तुझी आई तिथे आडव्या ओळींत चार शब्द घालायची. हात सवयीने जागा सोडून गेला. कागद बदलला नाही.

कळावे. पोच द्यावी.

बाबा


दि. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चार पानं! मी पाकीट वजन करून पाहिलं, दुसऱ्या कोणाचं तर नाही ना म्हणून. मागच्या सगळ्या आयुष्यात तुम्ही माझ्याशी एकूण जितकं बोललात त्याहून हे जास्त आहे. दोन दिवस जेवताना पुढ्यात ठेवून वाचलं.

चित्र सोबत आहे, मोजून काढलं आहे. दोन उभ्या फटी आणि खाली एक गोल भोक. दचकलेल्या माणसाच्या तोंडासारखं दिसतं, आणि अशी तीन तोंडं खोलीत माझ्याकडे बघत असतात. चार्जरच्या पोटावर छापलं आहे की तो शंभरपासून दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत कशावरही चालतो. म्हणजे तो तुमच्यासारखा नाही, कुठेही जुळवून घेतो. रागावू नका.

कोपऱ्यावरच्या दुकानातून एक जोडपिन आणली. तिच्या मागे आपल्या गोल पिना बसतात, पुढे इथल्या चपट्या. पहिल्या संध्याकाळी चार्जरचा हिरवा दिवा लागला आणि मी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप लावून ठेवला, तुमच्या नियमाप्रमाणे दाराजवळची बटणं बंद केली आणि कामाला गेले. परत येऊन पाहते तर दिवा नाही, लॅपटॉप थंड. तेव्हापासून खोलीतल्या तिन्ही तोंडांत तो लागतच नाही. गंमत म्हणजे प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये तीच पिन, तोच चार्जर, आणि दिवा लख्ख. तेव्हा दोष कोणाचा, ते आता तुम्हीच ठरवा.

कामाच्या दिवशी बरं असतं. रविवारी मात्र खोली अंगावर येते. मागच्या रविवारी दुकानात साबणाची किंमत विचारायला तोंड उघडलं तर आवाज फाटका निघाला. तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून एक शब्दही बोलले नव्हते.

उत्तर लवकर पाठवा, आणि याही वेळी चार पानांच्या खाली उतरू नका.

तुमची
बिट्टी


दि. १८ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

विषय : पिन बसूनही दिवा न लागणेबाबत.
संदर्भ : तुझे दि. ४ चे पत्र व आकृती.

आकृती उत्तम. चार्जरच्या पोटावर काय छापलं आहे यावर मात्र विसंबू नये. छापणाऱ्याच्या बापाचं काय जातं? कँटीनमध्ये चालतो आणि खोलीत चालत नाही, याचा अर्थ उघड आहे. खोलीपर्यंत येता येता विजेचा जोर संपतो. संध्याकाळी सगळे भाडेकरू शेगड्या लावत असणार, मग वरच्या मजल्याला काय उरणार?

तुझं पत्र घेऊन बाजारातल्या विजेच्या दुकानात गेलो. तुझी आई गेल्यापासून मी बाजारात पाऊल टाकलं नव्हतं. जे लागतं ते घरी येतं, आणि लागतं तरी काय? दुकानदार ओळखीचा निघाला, म्हणजे त्याने ओळखलं. बसवून चहा पाजला. तुझी आकृती त्याने उलटी-सुलटी करून पाहिली. दोन दिवस आम्ही चर्चा केली. तिसऱ्या दिवशीही गेलो, चर्चा संपली होती तरी.

शेवटी दाब वाढवणारा एक ट्रान्सफॉर्मर घेतला आणि पार्सल केला आहे. जड आहे. उचलताना कंबर सांभाळ, पायावर पाडू नकोस. टपाल खात्यातल्या बाईंनी आत दगड आहे का असं विचारलं. मी सांगितलं, मुलीचा अभ्यास आहे.

तू रविवारी बोलत नाहीस हे वाचलं. घरमालकिणीशी बोलावं. भाषा चुकली तरी चालेल. माझंही इकडे तसंच असतं, पण मला सवय आहे.

कळावे. पार्सलची पोच स्वतंत्र द्यावी.

बाबा


दि. ५ मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यासाठी वेगळं पत्र, आणि हे बाबांच्या हाती लागू देऊ नकोस.

काल घरमालकीण खोलीतला हीटर बघायला वर आली होती. जाताना तिने दाराजवळचं दुसरं बटण दाबलं, आणि टेबलाखाली चार्जरचा हिरवा दिवा लागला. मावशी, इथे भिंतीतल्या तोंडांना जवळ बटण नसतं, माझ्या खोलीतल्या तिन्ही तोंडांचं बटण दाराशी आहे! त्याने एकही दिवा लागत नाही म्हणून मी ते बिनकामाचं समजत होते. पहिल्या सकाळी बाबांच्या नियमाप्रमाणे बंद केलं ते केलंच. पुन्हा लावायचं कारणच पडलं नाही. घरमालकीण म्हणाली की आजवरच्या एकाही भाडेकरूने ते बंद केलं नव्हतं. तिला काय माहीत आम्ही कोणत्या घरातून आलो आहोत ते. मी इतकी हसले की ती घाबरून खाली गेली.

आणि ऐक. आजच बाबांचा ट्रान्सफॉर्मर आला. जात्याएवढा जड. आणि त्याची स्वतःचीच पिन आपल्याकडची गोल आहे. भिंतीत बसतच नाही! बाबा आणि तो दुकानदार, दोघांनी चहा पीत दोन दिवस चर्चा केली म्हणे.

लगेच बाबांना लिहायला बसले, बटण सापडलं म्हणून. तारीख घातली आणि पेन थांबलं. मला माहीत आहे काय होईल. बरं झालं एवढं लिहून ते पाकीट बंद करतील. पुढचं पत्र येईल ते कोणी वारलं तरच. आत्ता ते मला चार चार पानं लिहितात, बाजारात जातात, आईबद्दल बोलतात. पिन आहे म्हणून हे चाललं आहे. मी इथे संध्याकाळी आल्यावर आधी पत्रांची पेटी बघते मावशी, मग जिना चढते. म्हणून बटणाचं मी त्यांना सांगणार नाही. तूही सांगू नकोस. तुला माझी शप्पथ.

तुझी माया आहेच, ती अशीच पाठीशी राहू दे.

बिट्टी


दि. ८ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. कंबर शाबूत आहे. त्याच्या पिनेचं काय करायचं ते दुकानात विचारून कळवते.

दरम्यान एक नवीनच भानगड. कँटीनमध्ये लॅपटॉप लावलेला असताना त्याच्या पत्र्यावर हात टेकला की डाव्या हाताला मुंग्या येतात. उजव्या हाताने लिहिते आणि डावा तिथे टेकलेला असतो, म्हणून डाव्यालाच. कधी कधी मनगटापर्यंत येतात. दुखत नाही, नुसतं झिणझिणतं. खरं सांगू, मला त्याचं फारसं काही वाटत नाही. दिवसभरात दुसरं कोणी हाताला हात लावत नाही.

याचं कारण काय असेल? सविस्तर लिहा.

तुमची
बिट्टी


दि. २२ मार्च

चि. बिट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे फोनवर बोलले असते, पण भावोजी हल्ली सारखे आमच्याकडेच बसून असतात. तुझं पाच तारखेचं पत्र वाचून मी पोट धरून हसले होते आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. आता हसू येत नाही.

तुझं मागाहूनचं पत्र आलं त्या दुपारी भावोजी आमच्या दारात उभे राहिले. एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्या पायात बाहेरची. हातात पत्र. मी पाणी दिलं. मग पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले की पुन्हा मुंग्याच.

तुला हे कोणी सांगितलेलं नाही. तू तेव्हा वसतिगृहात होतीस आणि नंतर सांगून उपयोगही नव्हता. तुझ्या आईच्या डाव्या हाताला शेवटी शेवटी मुंग्या येत होत्या. माझ्याजवळ बोलली होती, भावोजींजवळही बोलली होती. ते तेव्हा गॅलरीत तिचीच इस्त्री उघडून बसले होते. हात अवघडला असेल, झटक म्हणाले. तिने झटकला. त्याच आठवड्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले की आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. पण डॉक्टरांचं ते ऐकत नाहीत.

त्या दिवशी त्यांनी तुला फोन केला, आठवतं? हात बरा आहे का एवढंच विचारलं आणि ठेवला. तू हसत हसत बरा आहे म्हणालीस. त्यांचा विश्वास बसला नाही, कारण तीही हसत हसत तेच म्हणायची. तेव्हापासून जेवण नाही धड. विजेच्या दुकानदाराला विचारून झालं, डॉक्टरांना विचारून झालं. परवा मला विचारत होते की पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात.

मी तुझी शप्पथ मोडलेली नाही. पण बाळ, लांडगा आला रे आला हा खेळ आपल्याच माणसाशी खेळू नये. तुझा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं. एकटं माणूस काय काय करतं ते मी रोज शेजारच्या घरात बघते आहे. तरी आता खरं काय ते तूच सांग. माझ्या तोंडून गेलं तर त्यांना वाटेल आपल्याला दोघींनी मिळून वेड्यात काढलं.

डोळे पूस आणि आधी नीट जेव. माझा लोभ कुठे जात नाही.

मावशी


दि. २ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मघाशी फोनवर घाईने सांगितलं तेच आता नीट लिहिते. फोनवर तुम्ही बरं म्हणालात आणि मला पंखा दिसत होता. तुमचा चेहरा दिसला असता तर बरं झालं असतं.

माझा हात पूर्ण बरा आहे. आज प्रयोगशाळेतून सुटी घेऊन डॉक्टरांना दाखवून आले, त्यांनी लिहून दिलेला कागद सोबत जोडला आहे. मुंग्या विजेच्याच होत्या. मी आणलेल्या जोडपिनेला अर्थिंगची, म्हणजे जमिनीची, तिसरी पिनच नव्हती, म्हणून थोडी वीज पत्र्यावर उतरत होती. आता तीन पिनांची इथलीच वायर घेतली आहे. मुंग्या थांबल्या. दोन्ही हात टेकवून पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले.

दुसरं. खोलीत दिवा का लागत नव्हता ते मला मार्चच्या सुरुवातीलाच कळलं होतं. दाराशी एक बटण होतं, आपल्या नियमाप्रमाणे मी ते बंद केलं होतं. बस, एवढंच. विजेचा जोर पुरेसा आहे, चार्जरच्या पोटावर छापलेलंही खरं आहे. तुमचा ट्रान्सफॉर्मर लागला नाही. हे सगळं माहीत असून मी लिहिलं नाही, कारण मला भीती वाटली. पिन बसली की तुमची पत्रं थांबतील अशी भीती. आई असताना आपल्या दोघांना कधी एकमेकांशी बोलावंच लागलं नाही. आता ती नाही, आणि आपल्याला ते येत नाही. पिनेमुळे जरा यायला लागलं होतं.

आईच्या हाताचं मला मावशीने सांगितलं. तिच्यावर रागावू नका. मला माहीत असतं तर तो शब्द मी कागदावर आणला नसता. तुम्ही तिला हात झटकायला सांगितलंत, मीही तेच सांगितलं असतं. कोणीही तेच सांगितलं असतं, बाबा.

आता माझ्या खोलीत काहीही बिघडलेलं नाही. विचारायला एकही प्रश्न नाही. तरी पत्र लिहाल का? मला इथे फार एकटं वाटतं.

चुकलं ते पोटात घाला.

तुमची
बिट्टी


दि. ४ मे

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

महिना झाला, बाबांची ओळ नाही. फोन केला तर बरं आहे म्हणतात आणि ठेवतात. रागावलेत का ते मला सांग. रागावले असतील तर चालेल, निदान तसं लिहायला सांग. पेटीत रोज जाहिराती असतात. घरमालकिणीला आता माझी दया येते, मी यायच्या आत ती त्या काढून ठेवते.

तुझ्या पायाचं दुखणं कसं आहे? माझ्यापायी तुला खेपा पडतात हे जाणते.

बिट्टी


दि. १२ मे

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

मी रागावलेलो नाही. हे पत्र लिहायला मला वेळ लागला इतकंच. विषय असं लिहायचो आणि पुढे काय लिहायचं ते सुचत नसे. असे बरेच कागद गेले. आज विषय लिहिलेलाच नाही.

डॉक्टरांचा कागद मिळाला. दुकानदाराला दाखवला, तुझ्या मावशीला दाखवला. मग कपाटात ठेवला, पण दिवसातून एकदा काढून बघतो.

ट्रान्सफॉर्मरच्या पिनेबाबत दुकानदार आणि मी दोघेही दोषी आहोत. तो हसत होता. मी पण हसलो. त्याच्याकडे अजून जातो. त्याच्याही बोलण्यात फारसं काही नसतं, पण तो स्टूल पुढे करतो.

तू लिहितेस की तुझ्या खोलीत काही बिघडलेलं नाही. इथेही तसंच आहे. तुझी आई इस्त्रीची वायर गरम असतानाच गुंडाळायची, मिक्सरमध्ये चमच्यासकट वाटायची, बटणं ओल्या हातांनी दाबायची. मी ओरडायचो, ती हसायची, मी पाना घेऊन बसायचो. आमचं बोलणं म्हणजे तेच होतं. लोकांना वाटायचं मी तापट आहे. ती गेल्यापासून या घरात एकही वस्तू बिघडलेली नाही. इस्त्री, मिक्सर, पंखा, सगळं नीट चालतं. बिघडवणारं माणूसच नाही. हत्यारांची पेटी मी एकदा उघडून तेल घालून ठेवली आणि पुन्हा बंद केली.

म्हणून खरं ते सांगतो. तुझी पिन बसत नाही असं पहिलं पत्र आलं, तेव्हा तुझी परीक्षा आहे, तू परक्या मुलखात आहेस, याची मला काळजी वाटायला हवी होती. मला आनंद झाला. दुसरं पत्र आलं तेव्हा ते खिशात घालून मी बाजारात गेलो. चार्जरच्या पोटावर छापलेलं खरं असतं, हे दुकानदाराने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, राहू दे, मला एक ट्रान्सफॉर्मर दे.

मलाही इथे फार एकटं वाटतं, बिट्टी. सवय आहे असं मी तुला लिहिलं होतं, ते खरं नाही.

तू लिही. मी लिहीन. कशाबद्दल ते मला अजून माहीत नाही.

तुझा
बाबा